ग्रीक भक्तमंडळांची स्वतःची दफनभूमी असायची का, की नुसती मयताची वर्गणी?

खापरीचा_तुकडा

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज टाकतोच. कूमा म्हणून इटलीत नेपल्सजवळ जुनी ग्रीक वसाहत होती, तिथला इ.स.पू. पाचव्या शतकातला एक दगड आहे, त्यावर जेमतेम एक वाक्य, अर्थ साधारण असा की जो बाक्खोस झालेला नाही त्याने इथे पडून राहणं धर्माला धरून नाही. बाक्खोस झालेला म्हणजे डायोनिसस या दारूच्या देवाची दीक्षा घेतलेला, एवढं कळलं. पण तेव्हापासून अडकलोय.

म्हणजे ग्रीकांकडे अशी खासगी भक्तमंडळं होती आणि त्यांची स्वतःची दफनभूमी असायची का? जागा कोणाच्या नावावर? सभासद मेला तर मंडळाने पुरायचं, पण मग त्याच्या बायकोपोरांचं काय, त्यांनी दुसरीकडे जायचं? गुलाम सभासद असला तर? आणि मुळात हे सगळं देवासाठी होतं की देवाचं नाव पुढे करून मयताच्या खर्चाची सोय केली होती? एका ठिकाणी त्यांना "विमा मंडळं" म्हटलेलं वाचलं, ते काही पटलं नाही, पण माझ्या न पटण्याला काही आधार नाही.

कोणी नीट वाचलेलं असेल तर सांगा, अगदी प्राथमिक असलं तरी चालेल.

---

उंबऱ्यावरचा

विमाच की हो, त्यात न पटण्यासारखं काय आहे. लानुवियमचा शिलालेख बघा, इ.स. १३६ चा, डायना आणि अँटिनूस यांच्या भक्तांचं मंडळ. शिरताना १०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि चांगल्या दारूचा एक घडा, मग महिन्याला ५ आस (त्याहून लहान नाणी) वर्गणी. मेलात की मंडळ ३०० सेस्टर्स देणार, त्यातले ५० चितेपाशी जमलेल्यांना वाटायचे. वर्गणी थकवली तर काही नाही. आत्महत्या केली तरी काही नाही. आणि गुलामाचा मालक आडमुठेपणा करून प्रेत देत नसेल तर त्याच्या पुतळ्यावर लुटुपुटीचा अंत्यसंस्कार. विम्याच्या बारीक अक्षरातल्या अटी याहून वेगळ्या काय असतात? देव आपला बोर्डावर नावापुरता.

---

शिलालेखवेडी

उंबऱ्यावरचा, आकडे तुमचे बरोबर आहेत पण गाव चुकलं :) लानुवियम रोमजवळ, शिलालेख लॅटिन, कायदा रोमन. आणि "मयत मंडळ" हा जो प्रकार सगळीकडे चिकटवला जातो तो मोम्सेन या जर्मन इतिहासकाराने १८४३ साली रोमन मंडळांवरच्या पुस्तकात मांडला, त्यात लानुवियमचा हा दगड हुकमी पुरावा, आणि मग लोकांनी तेच माप उचलून तीनचारशे वर्षं आधीच्या पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, लावलं. तिथेच गडबड होते. रोमन मंडळांसाठीसुद्धा हे वर्णन आता बरेच अभ्यासक जसंच्या तसं घेत नाहीत, पण तो वेगळा धागा.

आता मूळ प्रश्न. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ग्रीकांकडे या मंडळांना एक नाव नाही. थियासोस, एरानोस, ऑर्गेओनेस, आणि सगळ्यांना चालेल असं कोइनोन, म्हणजे नुसतं "सामाईक". देव कोणताही, सभासद पाचपंचवीस किंवा थोडे जास्त, एक पुजारी, एक खजिनदार, महिन्याची किंवा वर्षाची बैठक, यज्ञ, जेवण. मयताच्या वेळी ही मंडळं जे करायची ते सगळीकडे एकच नव्हतं, निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकात मिसळल्या की "विमा" दिसायला लागतो.

पहिली गोष्ट नुसतं मातीला जाणं. पिरेयसच्या एका थियासोसचा नियम आहे, साधारण इ.स.पू. ३०० च्या आगेमागे. सभासद गेला तर मुलगा, आई, बाप, नाहीतर थियासोसमधला जो कोणी सर्वांत जवळचा असेल त्याने कळवायचं, आणि मग सगळ्यांनी अंत्ययात्रेला जायचं, स्वतः आणि सगळे मित्रही. लगेच पुढचंच वाक्य असं की कुणावर अन्याय झाला तर त्याच्या मदतीलाही सगळ्यांनी जायचं, म्हणजे आपण देवांशीही नीट वागतो आणि मित्रांशीही, हे लोकांना दिसेल. पैशाचा इथे शब्द नाही. जागेचाही नाही. मयताला माणसं किती जमली यावर मेलेल्याची पत ठरायची आणि या लोकांनी ती माणसं आधीच बांधून ठेवली होती, एवढंच.

दुसरी गोष्ट पैसे. त्याला शब्द आहे ताफिकोन, म्हणजे दफनाचे पैसे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या एका थियासोसच्या ठरावात खजिनदाराचं कौतुक आहे की हा गेलेल्यांचं ताफिकोन लगेच देऊन टाकायचा. "लगेच" हा शब्द मला फार आवडतो, कारण तो मुद्दाम कोरलाय म्हणजे बाकीचे खजिनदार रखडवत असणार. आणि मग हेर्माइओस. हा पिरेयसला देवांच्या मातेच्या ऑर्गेओनेसचा खजिनदार, ठराव इ.स.पू. १७८-७७ चा. त्यात म्हटलंय की मंडळाकडे पैसे नव्हते तेव्हा काही मृत सभासदांच्या दफनाचा खर्च याने स्वतःच्या खिशातून केला, मेल्यावरही त्यांची शोभा राहावी म्हणून. आता मला सांगा, तिजोरी रिकामी असताना खजिनदार घरचे पैसे काढतो आणि मंडळ त्याबद्दल ठराव कोरून ठेवतं, याला विमा म्हणायचं? त्या मृतांचा हक्क होता म्हणून पैसे मिळाले असं यात कुठेही म्हटलेलं नाही, हेर्माइओसला बरं वाटलं नाही म्हणून मिळाले.

तिसरी गोष्ट जागा, जी तुम्ही विचारलीत. ती अथेन्सपेक्षा ऱ्होड्स आणि कोस या बेटांवर भरभरून दिसते. चौथी म्हणजे नंतरची आठवण, थडग्यावर हार घालणं वगैरे, ती मला कमी माहीत, इथे कोणीतरी लिहीलच.

जागेचं संध्याकाळी लिहिते, आत्ता निघायला हवं.

---

खापरीचा_तुकडा

शिलालेखवेडी ताई, थांबलोय. तोवर एक शंका, अथेन्सच्या कायद्याला हे चालायचं? खाजगी मंडळ उद्या काहीही नियम करेल.

---

बंदरावरचा

कायद्याचं मी सांगतो. अथेन्सचा जुना कायदेकर्ता सोलोन, त्याच्या नावावर एक कायदा आहे, आपल्यापर्यंत पोचला तो फार आडवाटेने, दुसऱ्या शतकातल्या गायस नावाच्या रोमन कायदेपंडिताने उद्धृत केला आणि तो तुकडा सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात आला. त्यात यादी आहे, देमोस (गाव-पेठेची वस्ती), गोत्रबंधू, खलाशी, एका पंगतीत जेवणारे, थियासोसवाले, अगदी लुटीला किंवा व्यापाराला निघालेले सुद्धा, यांनी आपसात जे ठरवलं ते पक्कं, फक्त सरकारी कायद्याच्या आड येता कामा नये. आणि त्या यादीत एक शब्द आहे होमोताफोई. एकत्र पुरले जाणारे! म्हणजे "एका दफनभूमीचे" ही ओळख कायद्याच्या यादीत पंगतवाल्यांच्या बाजूला बसण्याइतकी ओळखीची होती. त्यातले शब्द सगळे सोलोनच्या काळचे आहेत का यावर भांडणं आहेत, पण शब्द आहे तो आहे.

दुसरं, परदेशी लोकांचा मुद्दा इथे येणारच म्हणून आधीच बोलतो. अथेन्समध्ये जमीन घेण्याचा हक्क नागरिकांना, परक्याला तो खास मंजूर करावा लागायचा, एंक्तेसिस म्हणतात. इ.स.पू. ३३३ साली सायप्रसच्या कितियनहून आलेल्या व्यापाऱ्यांना अफ्रोडाइटीचं मंदिर बांधायला जागा घ्यायची परवानगी मिळाली, अथेन्सचा पुढारी लायकर्गस याने ठराव मांडला, आणि त्यात दाखला दिलाय की इजिप्शियनांना इसिसच्या मंदिरासाठी आधी दिलीच आहे. यावरून लोक उडी मारतात की परक्यांना पुरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी भक्तमंडळं काढली. ही उडी मारू नका. अथेन्समध्ये परदेशी रहिवाशांची थडगी ढिगाने सापडलीत, गावाचं नाव कोरलेली. त्यांना पुरायला जागा मिळत होती. त्यांना मिळत नव्हतं ते देऊळ बांधायला हक्काची जमीन, आणि परक्या गावात रडायला चार नातेवाईक.

---

शिलालेखवेडी

आले. आणि बंदरावरचांचं शेवटचं वाक्य मी चोरणार आहे.

तर ऱ्होड्स. बंदर, आरमार, सगळ्या समुद्रावरचे लोक येऊन राहिलेले, आणि मंडळांचं अक्षरशः पीक. नावं देवावरून, शेवटी -आस्ताई लावायचं. हेलियोसचे ते हालियास्ताई, सारापिसचे सारापियास्ताई, डायोनिससचे डायोनिसियास्ताई. गुलामांचं विचारलं होतंत ना, तर तिथे झ्यूस अताबिरियोसच्या भक्तांचं एक मंडळ आहे ज्याचे सभासद शहराच्या मालकीचे गुलाम, आणि ते नावातच उघडपणे तसं लिहितात.

या मंडळांकडे दफनाच्या जागा होत्या, खरेदी केलेल्या, आणि त्या मंडळाची मालमत्ता होत्या. दोन दगड सांगते. एकात हालियास्ताई आणि हालियादाई या जोडमंडळाने वर्गणीदारांची यादी कोरलीय, कशासाठी तर भूकंपात पडलेली भिंत आणि स्मारकं पुन्हा बांधायला. म्हणजे चित्र बघा, भोवती भिंत असलेली जागा, आत मंडळींची थडगी, भूकंपाने सगळं आडवं, आणि मग जिवंत असलेले आपापली रक्कम जाहीर करतायत. दुसऱ्या दगडात एका मंडळाचा ठराव आहे, सेल्गे गावच्या झेनोनने मांडलेला, की मंडळाच्या दफनभूमीची जी खरेदीखतं आहेत त्यांच्या नकला दगडावर कोरून घ्याव्यात. असा ठराव कोणी उगाच मांडत नाही. कुठेतरी कोणीतरी "ही जागा तुमची कशावरून" विचारलं असणार, नाहीतर विचारेल अशी भीती असणार. हा माझा अंदाज, पण सोसायटीच्या कागदपत्रांची भानगड ज्याने पाहिलीय त्याला पटेल.

आणि हा झेनोन परगावचा आहे हे लक्षात घ्या. एकट्याच्या नावावर जे अवघड ते "सामाईक"च्या नावावर जमायचं.

कोस बेटावर तर हद्दीचे दगडच सापडतात. "होरोस थेकायोन", दफनजागांची हद्द, मग थियासोसचं नाव, अफ्रोडिसियास्ताई वगैरे, आणि मग "अमुकच्या सोबत असलेल्यांचा". तो अमुक म्हणजे म्होरक्या. एकाच देवाची दोनचार मंडळं असायची तर कोणती कोणाची हे माणसाच्या नावावरून कळायचं. छोटा दगड, तीनचार ओळी, शापबिप काही नाही. शेताच्या बांधावरचा दगड जसा असतो तसा.

बायकोपोरांचं: अथेन्सकडे साधारणपणे घरच्यांची थडगी घरच्यांबरोबर, मंडळ फक्त येऊन उभं राहायचं. ऱ्होड्स-कोसला मंडळाची जागा होती म्हणून प्रत्येक सभासद तिथेच गेला असं नाही. ज्याला तिथे आपलं माणूस नाही त्याला ती जागा सगळ्यात मोलाची.

---

उंबऱ्यावरचा

बरं बाई, गाव चुकलं, मान्य. पण खरेदीखत, भिंत, वर्गणीदारांची यादी, यात देव कुठाय अजून दिसला नाही. हालियास्ताईच्या ऐवजी "बंदर मित्र मंडळ" लिहिलं असतं तर काय फरक पडला असता?

---

दाराआडची

फरक पडला असता, मी उलट्या बाजूने दाखवते. देव आणि प्रेत ही ग्रीकांकडे न जमणारी जोडी आहे, सुतक त्यांनाही होतं. अथेन्सजवळच्या लौरियोनच्या चांदीच्या खाणींच्या भागात क्झांथोस नावाचा लिकियाचा माणूस, गायस ऑर्बियसचा गुलाम, त्याने मेन तिरान्नोस या देवाचं देऊळ स्थापलं, रोमन काळात. त्याचे नियम दगडावर आहेत. लसूण आणि डुकराचं मांस खाल्लं असेल तर शुद्ध होऊन या, गर्भपाताला ४० दिवस, प्रेताचा विटाळ १० दिवस. आणि त्याच दगडात सांगितलंय की हवं असेल त्यांनी या देवाचा एरानोस जमवावा. म्हणजे मंडळ काढा, पण मातीला गेलात की दहा दिवस दाराबाहेर. डेलॉसला तर अख्खं बेटच पवित्र, इ.स.पू. ४२६-२५ मध्ये अथेन्सवाल्यांनी तिथली थडगी उकरून नेली आणि पुढे बेटावर मरायलाही बंदी, मयत पलीकडच्या रेनियावर. त्यामुळे डेलॉसवर बैरूतच्या पोसिडोनियास्ताईंनी भलीमोठी वास्तू बांधली, देवाच्या खोल्या, अंगण, सगळं आहे, पण दफनाची जागा तिथे शोधू नका.

तर देव नावापुरता असता तर एवढी कटकट कोणी केली असती? मंडळ देवाचं होतं म्हणूनच मयताला काय करायचं, किती जवळ जायचं हे ठरवावं लागलं.

आणि शिलालेखवेडीने चौथी गोष्ट सोडली होती, ती मी घेते कारण माझी आवडती बाई तिथे आहे. थेस्सलोनिकीची एक पुजारीण, इ.स. तिसरं शतक, डायोनिससच्या प्रिनोफोरोई नावाच्या थियासोसला तिने मृत्युपत्रात द्राक्षमळ्याची जमीन दिली. अट अशी की तिच्या स्मरणार्थ थडग्याशी निदान ५ दिनारांचे हार जाळायचे. प्रत्येक दीक्षिताने, लहान असो मोठा असो, एक गुलाबाचा हार आणायचा, न आणणाऱ्याला माझ्या देणगीत वाटा नाही. आणि यांनी हे केलं नाही तर मळा द्रिओफोरोईंना. द्रिओफोरोई म्हणजे दुसरं मंडळ, शेजारचं, त्याच देवाचं! आणि त्यांनीही टाळलं तर मग शहराला. काय डोकं आहे बघा, आपल्याच लोकांवर लक्ष ठेवायला तिने प्रतिस्पर्धी मंडळ बसवलं, त्यांना हावेपोटी दरवर्षी मोजावंच लागणार की प्रिनोफोरोईंनी हार आणले की नाही.

हीच युक्ती फ्रिगियातल्या हिएरापोलिसला ग्लिकोन नावाच्या माणसाने जरा सौम्यपणे केली, २०० दिनार जांभळा रंग देणाऱ्यांच्या संघाला, त्याच्या व्याजातून बेखमीर भाकरीच्या सणाला त्याच्या थडग्यावर हार, आणि १५० दिनार गालिचे विणणाऱ्यांना कालेंड्स आणि पेंटेकॉस्टला. बेखमीर भाकरीचा सण आणि पेंटेकॉस्ट हे ज्यू सण, कालेंड्स ही रोमन नव्या वर्षाची तारीख, त्यामुळे ग्लिकोन स्वतः ज्यू होता का, त्याच्यावर ज्यूंचा प्रभाव होता का, यावर खूप छापलं गेलंय. पण पुजारीण काय, ग्लिकोन काय, थडग्याची जागा मंडळाची नव्हती. जागा त्यांची स्वतःची, मंडळाकडून विकत घेतलं ते येणं.

---

बंदरावरचा

दाराआडची, भारी. यात इओबाक्खोई राहिले. अथेन्सचं डायोनिससमंडळ, इ.स. १६४-६५ च्या सुमाराचा मोठा खांब, १८९४ मध्ये जर्मन उत्खननात सापडला. प्रवेश ५० दिनार. गाणं नाही, गोंधळ नाही, टाळ्या नाहीत, दुसऱ्याच्या जागेवर बसलात की २५ द्राख्मा दंड, आणि दंगा करणाऱ्याला बाहेर काढायला नेमलेल्यांना म्हणायचे "घोडे". एवढा सगळा नियमांचा पसारा लिहून शेवटी मयताचं कलम काय, तर इओबाक्खोस मेला तर त्याच्यासाठी ५ दिनारांपर्यंतचा एक हार, आणि मातीला जे आले त्यांना मिळून दारूचा एक घडा. जो आला नाही त्याने त्या घड्याला हात लावायचा नाही.

जागा नाही, दफनाचा खर्च नाही. ५० दिनार भरून शिरलेल्या माणसाला शेवटी ५ दिनारांचा हार. उंबऱ्यावरचा, हा विमा असेल तर एजंटला शोधा.

---

उंबऱ्यावरचा

:D विमा मागे घेतो. पण दारूसाठी लोक मयताला यायचे हे मी म्हटलं असतं तर मला झोडपलं असतंत.

---

शिलालेखवेडी

दारूसाठी किंवा दंडाच्या भीतीने. इजिप्तमध्ये तेब्तुनिस गावच्या एका मंडळाचे रोमन सम्राट तिबेरियसच्या काळातले नियम पपायरसवर आहेत, सभासद मेला तर सगळ्यांनी मुंडण करायचं आणि एक दिवस जेवण, प्रत्येकाने एक द्राख्मा आणि दोन भाकऱ्या आणायच्या. मुंडण केलं नाही तर ४ द्राख्मा. त्याला धार्मिक म्हणावं की धंद्याचा संघ म्हणावं हा वाद ठेवा बाजूला, त्यांनी स्वतः तो घातलेला दिसत नाही.

---

खापरीचा_तुकडा

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मग माझा कूमाचा दगड या चारातल्या कुठल्या खणात? तिथे मंडळ होतं असं धरायचं की नाही?

---

शिलालेखवेडी

तो दगड मंडळाचं नाव घेत नाही. थियासोस नाही, कोइनोन नाही, म्होरक्या नाही, किती दंड ते नाही. फक्त "इथे" आणि "धर्माला धरून नाही". दीक्षा घेतलेल्यांचा दफनभूमीतला एक कोपरा होता एवढं त्यातून निघतं, वर्गणी आणि खजिनदार असलेलं मंडळ निघत नाही. कोसच्या हद्दीच्या दगडाशेजारी तो ठेवून बघा. कोसचा दगड ही जागा कोणाची ते सांगतो आणि आत कोण चालेल याबद्दल अवाक्षर काढत नाही. कूमाचा दगड आत कोण चालेल ते सांगतो आणि जागा कोणाची ते त्याला सांगावंसंही वाटलेलं नाही.